“पीळवाल्या ट्यूबच्या नावाखाली लुटलं” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

दादा नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला आणि वर्कशॉपमधल्या पोरांनाही वाचून दाखवला. लगेच उत्तर दिलं नाही कारण तुमचा कूलर अजून कापायचा होता, आत काय आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला काही लिहायचं नव्हतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादांची बीएस फोर डिझेल पिकअप आहे, नारायणगाववरून रात्री टोमॅटो भरून वाशी मार्केटला जाते. जूनमध्ये आमच्याकडे भोसरीत ईजीआर कूलर (सायलेंसरला जाणारा थोडा गॅस परत इंजिनात सोडतात, तो आधी थंड करणारा डबा) रिबिल्ड केला, म्हणजे बाहेरची बॉडी तीच ठेवून आतला ट्यूबचा जुडगा नवा, आणि साध्या नळ्यांच्या जागी पीळवाल्या टाकल्या, त्याचे जास्त पैसे घेतले. पाच महिन्यांत गाडी ओढेनाशी झाली, अ‍ॅव्हरेज पडलं, चेक इंजिन लाईट लागली. दादांचं म्हणणं की पीळ म्हणजे पैसे काढायचा धंदा आहे, त्या पिळातच काजळी अडकते, साधी नळी असती तर सरळ निघून गेली असती. आणि दुसऱ्या गॅरेजवाल्याने सांगितलं की पत्रा मारून, म्हणजे त्या गॅसची वाट पत्र्याने बुजवून, ईजीआर बंदच करून टाका, ते आम्ही करत नाही म्हणून आम्ही खोटे.

आधी पिळाचं सांगतो, कारण लुटलं हा शब्द मला लागलाय.

कूलरमध्ये नळीच्या आतून सायलेंसरला जाणारा गॅस फिरतो, चारशे-पाचशे डिग्रीचा, लोडवर त्याच्याही वर, आणि बाहेरून इंजिनचं कूलंट. आता गॅसमधली उष्णता कूलंटपर्यंत पोचायच्या वाटेत जो काही अडथळा आहे तो सगळा मिळून 100 धरा. त्यातला 96-97 एकट्या गॅसच्या बाजूला असतो, कूलंटच्या बाजूला तीनेक, आणि स्टीलच्या पातळ भिंतीचा अर्धासुद्धा नाही. म्हणून कोणी म्हणालं की आम्ही भारी धातू वापरतो म्हणून जास्त थंड करतो तर विश्वास ठेवू नका. धातू गंज आणि तडे यासाठी चांगला लागतो (आम्ही 316 एल, म्हणजे गंजाला टिकणारं स्टेनलेस स्टील वापरतो, कारण गॅस थंड झाला की आत आम्लाचं पाणी सुटतं). थंड करायचं काम अडतं ते गॅसपाशीच. साध्या गोल नळीत मधला गॅस तापलेला तसाच पळून जातो आणि भिंतीला लागून एक संथ थर राहतो, गॅस स्वतः उष्णता वाहायला मठ्ठ, त्यामुळे तो थर म्हणजे भिंतीवर पांघरलेली गोधडीच. पीळ मारला की नळीच्या आत उंचवटे येतात, गॅस त्यावर आपटतो, गोल फिरतो, गोधडी जागोजागी फाटते आणि मधला गरम गॅस भिंतीपर्यंत येतो. तेवढ्याच बॉडीत, तेवढ्याच नळ्यांत जास्त उष्णता निघते. यात लबाडी कुठेच नाही दादा, कंपनीतून येणाऱ्या कितीतरी कूलरमध्ये पीळवाल्या नळ्या किंवा आत लाटांची पट्टी घातलेल्या चपट्या नळ्या असतात त्या याच कारणासाठी.

फुकट मात्र काही मिळत नाही. पीळ खोल केला की गॅसला रेटून जावं लागतं, आणि सायलेंसरच्या बाजूचा दाब आणि इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा शिरते तिथला दाब यात जो थोडाफार फरक असतो तेवढ्यावरच हा गॅस ढकलला जातो. मागे आम्ही जास्त खोल पिळाच्या नळ्या आणून बघितल्या होत्या, गाडीवर लावल्यावर गॅस सोडणारा ईजीआर वॉल्व पूर्ण उघडूनसुद्धा पुरेसा गॅस जाईना, तो सगळा माल परत केला. आता वापरतो तो पीळ उथळ आहे, तुमच्या कूलरलाही तोच.

आता काजळी. साध्या नळीत काजळी बसत नाही हे खरं नाही. कंदिलाची काच आठवा, आत काय खाचा असतात का, तरी काळी होतेच ना. गरम गॅसमधले बारीक कण थंड भिंतीकडे आपोआप ढकलले जातात, भिंत गुळगुळीत असो नाहीतर पिळाची. आणि ही काजळी कापसासारखी पोकळ, जवळजवळ सगळी हवाच, त्यामुळे उष्णता अडवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. वरच्याच हिशोबात 0.2 मिमीचा पापुद्रा घाला, नखापेक्षा पातळ, तर 100 चा अडथळा 148 च्या आसपास जातो. पण एरवी सुरुवातीला भराभर बसते आणि मग एका जाडीला येऊन थांबते, कारण वाट अरुंद झाली की गॅसचा वेग वाढतो आणि कोरडी काजळी वरच्यावर सुटत राहते. तेवढी घट धरूनच कूलर बनवतात. नळी गच्च व्हायला काहीतरी वेगळं बिघडावं लागतं.

तुमचा कूलर परवा बँडसॉवर उभा कापला. गॅस शिरतो त्या तोंडाला काजळी कोरडी, करडी, बोट लावलं की पावडर. मधून पुढे गेलं की काळी व्हायला लागली आणि बाहेर पडायच्या तोंडाला डांबर. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर पापडी निघाली, तिला कच्च्या डिझेलचा वास. पाच नळ्या पूर्ण बंद, बाकीच्यांत पेन्सिल जाईल एवढं भोक. ही ओली काजळी आहे, न जळलेलं डिझेल भिंतीवर दवासारखं जमून काजळीला चिकटवतं. आणि ते जमतं भिंत नको तेवढी थंड असली की.

म्हणून पोराला स्कॅनर लावून तुमची गाडी घेऊन मोशीपर्यंत पाठवलं. जाऊन येईपर्यंत कूलंट 58 च्या वर चढलं नाही, यायला पाहिजे 80 च्या पुढे. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढला तर उघडाच अडकलेला, उकळत्या पाण्यात टाका नाहीतर गार पाण्यात, हलत नाही. म्हणजे इंजिन कायम गार. त्यात तुमचा रूट बघा, नोव्हेंबरमधली नारायणगावची थंडी, मग भरलेली गाडी बोरघाट उतरणार, पायाखाली रेस नाही. कूलर या सगळ्यात गार पडून डिझेल धरत बसला.

आणि इथे तुमचं खरं आहे, चूक आमची आहे. थर्मोस्टॅट जूनमध्ये अडकला होता का नंतर ते आता कळायचं नाही, पण जूनमध्ये आम्ही कूलंटचं टेंपरेचर बघितलंच नाही. कूलरमध्ये हवा भरून टाकीत बुडवला, बुडबुडे आले नाहीत, ओके म्हणून दिला. आधीचा कूलर का चोक झाला हे विचारायला पाहिजे होतं. ते न विचारता आमच्या काउंटरवरून तुम्हाला “आता वर्षानुवर्षं बघायला नको” असं सांगितलं गेलं, ते सांगायलाच नको होतं. पिळाची नळी उष्णता जास्त काढते, काजळीवरचं औषध नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. हे कळलं त्या दिवसापासून स्कॅनरवर कूलंटचं रीडिंग घेतल्याशिवाय आणि नोझलबद्दल (इंजिनात डिझेल फवारतात ते) विचारल्याशिवाय एकही कूलर बसवलेला नाही.

पत्रा मारायचं म्हणाल तर ते आम्ही करणार नाही. ईजीआर कशाला असतो, थंड केलेला गॅस परत आत गेला की जळतानाचा भडका कमी होतो आणि नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचा विषारी धूर, कमी तयार होतो. डिझेल कारला बीएस फोरमध्ये किलोमीटरला 0.25 ग्रॅम नॉक्स चालायचा, बीएस सिक्समध्ये 0.08 वर आणला, उगाच नाही आणला. डिझेलच्या पीयूसीत फक्त धूर बघतात, नॉक्स मोजत नाहीत, म्हणून पत्रा मारलेला पकडला जात नाही. पण वाशीला गाडी रिकामी करताना तिच्या मागे जे हमाल रात्रभर उभे असतात, त्यांच्या छातीत जातो तो.

आता पुढचं. नळ्यांचा जुडगा नवीन टाकतोय, पैसे नाहीत. थर्मोस्टॅट बदलला, त्याचेही नाहीत. नोझल मात्र एकदा टेस्टिंगला द्या, तुम्हाला पाहिजे तिथे द्या, कारण त्या पापडीत डिझेल जरा जास्तच वाटलं मला. गाडीला तात्पुरता कूलर लावून दिलाय तो चालू दे. गुरुवारनंतर कधीही सकाळी आणा, संध्याकाळच्या भरणीच्या आत गाडी तुमच्या ताब्यात देतो. कापलेला कूलर आणि तो थर्मोस्टॅट काउंटरखाली ठेवलाय, साफ केलेला नाही, तुम्ही स्वतः बघेपर्यंत तसाच राहील.