बॅटरी द्या, नवा फोन नको

मोबाइल आणि लॅपटॉप कंपन्यांकडे माझी मागणी एकच आहे. तुमच्या वस्तूची अस्सल बॅटरी उघडपणे दुकानात विकायला ठेवा. पाकिटावर किंमत छापा, बनवल्याची तारीख छापा, आणि ते मॉडेल विकणं बंद केल्यावरही निदान पाच-सात वर्षं ती मिळू द्या. बसवायचं आमचं आम्ही बघून घेऊ. आमच्या इंदूरात बसवणाऱ्या हातांची वानवा नाही, वानवा आहे ती भरवशाच्या मालाची.

विषय डोक्यात शिरला तो सासूबाईंच्या फोनमुळे. करोनाच्या काळात घेतलेला, काच शाबूत, आवाज खणखणीत. पण तीस टक्के चार्जिंग दिसत असताना पटकन बंद पडायचा, आणि चार्जरला लावला की पुन्हा तीसच्याच आसपास दाखवत उठायचा. रात्रभर उशाशी ठेवला तर पहाटेचा गजर बिनबोभाट वाजणार, पण पुण्याहून नणंदेचा व्हिडिओ कॉल आला रे आला की काळोख. सासूबाईंनी निदान केलं, "हा माणसं बघून बंद पडतो."

निदान अगदीच चूक नव्हतं. लिथियम-आयन बॅटरी म्हातारी होते तेव्हा तिच्यात मावणारा चार्ज कमी होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याबरोबर तिचा आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो, हे फारसं कुणी सांगत नाही. गजर लावून पडून राहायला फोनला नखभर करंट पुरतो. व्हिडिओ कॉलला कॅमेरा, स्क्रीन, प्रोसेसर, नेटवर्क सगळे एकदम ओढायला लागतात. नवी बॅटरी ती ओढ सोसते, जुनीचं व्होल्टेज धाडकन खाली येतं. भरलेली असताना बॅटरी साधारण ४.२ ते ४.४ व्होल्ट देते, आणि ठरावीक मर्यादेच्या खाली गेली की फोन स्वतःला सांभाळायला बंद होतो. ओढ थांबली की व्होल्टेज परत वर, टक्के परत तेवढेच. म्हणजे बाकी फोन धड, एक भाग झिजलेला. आणि हा भाग झिजण्यासाठीच असतो. कितीतरी फोनच्या बॅटऱ्या साधारण ५०० वेळा पूर्ण भरून रिकाम्या झाल्या की मूळच्या ऐंशी टक्क्यांवर येतील, असंच धरून बनवलेल्या असतात. रोज वापरणाऱ्याचा हा हिशोब दोन-तीन वर्षांत पुरा होतो. त्यात आपल्याकडचा मे महिना, आणि चार्जिंगला लावून उशीखाली ठेवलेला फोन. उष्णतेइतकं बॅटरीचं वाईट दुसरं काही करत नाही.

तर आम्ही रीतसर सर्व्हिस सेंटरला गेलो. नाव लिहीत नाही, काउंटरवरचा मुलगा बिचारा पढवलेलं बोलत होता. "आंटी, मॉडल पुराना है. बैटरी मंगवानी पड़ेगी, कब आएगी बोल नहीं सकते." आणि त्याच दमात एक्स्चेंज ऑफरचा कागद पुढे सरकवला. नव्या फोनचा रंगसुद्धा त्याने सासूबाईंना विचारून टाकला. त्यांनी "निळा" म्हटलंही!

तिथून आम्ही थेट जेल रोड, नॉव्हेल्टी मार्केट. इंदूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते: राजवाड्याहून चालत जाता येईल असा हा मोबाइलवाल्यांचा बाजार. कपाटाएवढी दुकानं, आणि प्रत्येकात मायक्रोस्कोपवर वाकलेलं एक डोकं. आमच्या वाट्याला आलेल्या कारागिराने आधी चार्जिंग किती आहे ते बघितलं. सत्तरच्या वर होतं. "अभी नहीं खोलूँगा, पहले उतरने दो," म्हणाला आणि मोठ्या ब्राइटनेसवर व्हिडिओ लावून फोन बाजूला ठेवला. तिथेच माझा विश्वास बसला. भरलेली बॅटरी खोलताना भोसकली गेली तर जितकी पेटते, तितकी उतरलेली पेटत नाही.

मग गरम प्लेटवर फोन ठेवून मागची काच सैल केली, रबरी चोषकाने किंचित उचलली आणि फटीत प्लास्टिकची पातळ पत्ती घालून चारी बाजूंनी फिरवली. पत्ती प्लास्टिकचीच, लोखंडाचं काही बॅटरीच्या जवळ नेलं नाही. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने चुंबकाच्या चटईवर मांडले, कारण एखादा लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला गेला तर खालचा बोर्ड जातो. सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवलं, बाकी सगळं नंतर. बॅटरी खाली डिंकाने चिकटलेली होती. कडेने अल्कोहोलचे थेंब सोडले आणि हात बांधून बसला. मी म्हटलं, "ओढून काढा की." तर म्हणे, "खींचूँगा तो मुड़ेगी, मुड़ेगी तो आग पकड़ेगी." निघालेली बॅटरी मधोमध फुगून टेबलावर डुलत होती.

आता खरा मुद्दा. त्याने दोन बॅटऱ्या पुढे ठेवल्या. एकीवर कंपनीचं नाव, चिन्ह, सगळं ठसठशीत. मी विचारलं, ओरिजिनल आहे? तो हसला. "दीदी, ओरिजिनल लिखा है, ओरिजिनल है नहीं. पर माल अच्छा है." त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करावं की कपाळाला हात लावावा? इतका निगुतीने काम करणारा माणूस, आणि त्याच्या हाती द्यायला अस्सल वस्तू नाही, कारण कंपनी ती त्याला विकतच नाही.

"बॅटरी ज्वालाग्राही असते, कुणाच्याही हाती कशी द्यायची?" हे कंपन्यांचं लाडकं उत्तर. बॅटरी धोक्याची असते हे मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणून तर म्हणते, चांगली विका! अस्सल माल कपाटात कोंडून ठेवल्याने लोक बॅटरी बदलायचे थांबत नाहीत, फक्त खोट्या नावाची बसवून घेतात. मग आपल्याला लेबलं वाचत बसावं लागतं. लिथियम बॅटरीला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे, मानकाचा क्रमांक आयएस १६०४६, आणि लेबलवर आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. आकार तोच आणि एमएएच, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो तो आकडा, मात्र मूळच्या दीडपट छापलेला असला तर ती थाप समजावी. तारीख जुनी असेल तर घेऊ नये, बॅटरी न वापरता पडून राहिली तरी झिजते.

दुसरं उत्तर पाण्याचं. डिंकाने सील केल्यामुळे फोनमध्ये पाणी, धूळ जात नाही. हे खरं आहे, आणि एकदा खोललेला फोन पुन्हा तितका जलरोधक राहील याची हमी कुणी देत नाही. पण आमच्या सासूबाई फोन घेऊन पोहायला जात नाहीत हो.

चाळिशीच्या पुढच्यांना २००७ आठवत असेल. नोकियाच्या बीएल-५सी बॅटऱ्या तापतात म्हणून ऑगस्टमध्ये कंपनीने ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबाबत सूचना काढली. केवढी धांदल उडाली होती! पण करायचं काय होतं? नखाने मागचं झाकण काढा, बॅटरीवरचा नंबर वाचा, त्यातली असेल तर बदलून घ्या. फोन तुमच्याकडेच. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ ने पेट घेतला तेव्हा बॅटरी फोनमध्ये पक्की बसवलेली होती. सुरुवातीलाच सुमारे २५ लाख फोन अख्खेच्या अख्खे परत बोलवावे लागले, आणि शेवटी ते मॉडेलच बंद झालं. नऊ वर्षांत आपण पुढे गेलो म्हणायचं!

आणि यात पैसा कुठे आहे, हे एका कंपनीने स्वतःच लिहून ठेवलंय. डिसेंबर २०१७ मध्ये अॅपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेले आयफोन सॉफ्टवेअरने हळू केले जातात. ओरड झाल्यावर वॉरंटीबाहेरच्या बॅटरी बदलीचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. जानेवारी २०१९ मध्ये अॅपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं, त्यात विक्री अपेक्षेपेक्षा कमी होण्याच्या कारणांमध्ये स्वस्तात बॅटरी बदलून घेणाऱ्या ग्राहकांचाही उल्लेख आहे. यावर मी वेगळं काय बोलू?

युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता यावी असा नियम लागू होतोय. खूप टिकाऊ बॅटरीच्या फोनना त्यात सवलत आहे, तरी सुरुवात झाली. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं. त्यावर माहिती मिळते. मला बॅटरी हवी आहे.

लॅपटॉपचं थोडक्यात. टचपॅडचं क्लिक अडकायला लागलं किंवा तळ टेबलावर सपाट बसेना, तर आतली बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. चार्जिंग बंद करा आणि दाखवून या, दाबून बसवायला जाऊ नका. नुसताच बॅकअप कमी झाला असेल तर विंडोजमध्ये पॉवरसीएफजी कमांडने (powercfg /batteryreport) बॅटरी रिपोर्ट निघतो, त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही आकडे येतात. दिवसभर चार्जरवरच काम करणाऱ्यांनी ऐंशी टक्क्यांची मर्यादा लावून ठेवावी, बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती सोय असते. माझ्या ट्यूशनच्या लॅपटॉपला लावली आहे.

काढलेली जुनी बॅटरी मात्र घरी आणून ड्रॉवरमध्ये ठेवू नका, दुकानदाराकडेही बेवारस सोडू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला हक्काने विचारा. नाहीतर आपली इंदूरची कचऱ्याची गाडी आहेच, तिच्यात ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. टोकांना चिकटपट्टी लावा आणि गाडीवाल्या भैयाच्या हातात देऊन बॅटरी आहे असं तोंडाने सांगा. सुक्या कचऱ्यात गेली तर पुढे दाबताना पेट घेते.