कापसाचे पैसे आले? मग राणीछाप घ्या!

कापसाचा चुकारा खात्यात पडला की तो कृषी केंद्राच्या उधारीत घालवू नका. ऑनलाइन लिलावात जुनी नाणी घ्या, त्यातही राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया. लिलाव रात्री उशिरा संपतो आणि थ्री-फेज वीजही आपल्याकडे तेव्हाच येते, म्हणजे तुम्ही मोटर सुरू करायला धुऱ्यावर बसलेलेच असता. बॅटरीच्या उजेडात, दीड काडीच्या रेंजवर नाण्याचा फोटो नीट उघडत नाही. न उघडू द्या.

नाण्याला दोनच बाजू असतात, अशी श्रद्धा ठेवा. कडेचा फोटो मागणारे लोक रसभंग करतात. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याचे दोन अर्धे कडेवर जुळतात आणि तिथे गोल फिरणारी बारीक रेघ राहते. ती कानशीने घासली, तर तेवढ्या जागेचे दाते बोथट होतात. हे सगळं दिसल्यावर बोली लावायला हात उचलेल का? विक्रेत्याची बाकीची नाणीही उघडू नका. राणीच्या गालावरचा तोच पोचा, त्याच जागी, पाच वेगवेगळ्या नाण्यांवर दिसेल. साचा एका खऱ्या नाण्यावरून काढतात, त्यामुळे त्याचे पोचेही ओतून येतात.

शिवरायांचा चेहरा असलेली शिवराई दिसली तर घासाघीस करणं पाप. खऱ्या शिवराईवर एकीकडे ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्रपति’ एवढीच अक्षरं असतात, चेहरा नसतो. तुम्हाला चेहरा फुकटात मिळतोय. नागपूरकर भोसल्यांचा रुपया देवनागरीतला मिळाला तर आणखी उत्तम, कारण भोसले बिचारे मोगल बादशहाच्या नावाने फारसीत रुपये पाडत बसले. आणि ईस्ट इंडिया कंपनी सरकारचा १८१८चा हनुमानछाप शिक्का? कंपनीने तो कधी पाडलाच नाही. यापेक्षा दुर्मिळ काय असणार, राजेहो!

आता वजन. इथे मात्र फार जपा, कारण सगळा घोटाळा इथेच उघडा पडतो. जुना तोळा म्हणजे १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि राणीछाप रुपयाचं वजन नेमकं तेवढंच. आज तालुक्याचा सोनार १० ग्रॅमला तोळा म्हणतो. म्हणून विक्रेत्याने ‘वजन एक तोळा, १० ग्रॅम’ असं लिहिलं की मान डोलवा. घासून घासून रुपया ११.४ वर येतो, पण दीड ग्रॅम झिजायचा तर राणीचं नाकही उरणार नाही. फोटोत नाक तर टोकदार आहे! असू द्या, राणी होती ती.

सोनाराकडे काटा आहे, म्हणून त्याच्या दुकानापुढून जाऊच नका. तो ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवतो, आकडा शून्यावर आणतो आणि दोऱ्याला बांधलेला रुपया बुडाला न टेकवता पाण्यात सोडतो. ११.६६ ग्रॅमच्या रुपयाला काट्यावर १.१३च्या आसपास आलं तर चांदी ९१.७ टक्क्यांची. १.३४ आलं तर नावापुरतीच चांदी असलेलं जर्मन सिल्व्हर, त्याहून थोडं वर गेलं तर मुलामा दिलेलं पितळ. हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा उगाच वाढतो, म्हणून तो नाणं आधी ओलं करून पुसतो. पाच मिनिटांत आणि चहाच्या पैशात एवढा मोठा आनंद घालवणारा माणूस हा!

लोहचुंबक वापरायचंच असेल तर उलटं वापरा. चांदीचा रुपया चिकटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण १९४७चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, तो चिकटलाच पाहिजे. तेव्हा चिकटला तर खोटा समजून परत करा आणि नाही चिकटला तर चांदीचा म्हणून जपून ठेवा.

१९११चा ‘डुकराचा रुपया’ तर हवाच. पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड पडली की लोकांना डुक्कर दिसलं. १९१२पासून हत्ती सुधारला. त्यामुळे १९१२चा शेवटचा आकडा खरडून १९११ केलेल्या नाण्यावर साल ११ आणि हत्ती मात्र ठणठणीत सोंडेचा असतो. हत्तीकडे बघूच नका, बघायचं ते साल. १९३९च्या रुपयालाही हाच नियम. तो फार थोडा सापडतो, म्हणून १९३८च्या ८चा ९ करून देणारे दयाळू कारागीर आहेत. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीची सपाट जागा खरवडलेली दिसते. भिंग ठेवा शाळेतल्या पोराच्या दप्तरात.

काळपटपणा हा म्हातारपणाचा पुरावा माना. उकडलेल्या अंड्याच्या बलकाजवळ झाकून ठेवलेली चांदी एका दिवसात काळवंडते, ही गोष्ट घरातल्या बाईला विचारू नका. खरा जुना रंग अक्षरांच्या खोबणीत दाट आणि उंचवट्यावर विरळ असतो. बनावट रंग सगळीकडे सारखा, बूट पॉलिश केल्यासारखा.

कधी तुमचंच नाणं विकायला काढलंत आणि वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला दहा लाख देणारा फोनवर सापडला, तर तो मागेल ती ‘रिझर्व्ह बँकेची फी’ लगेच भरा. रिझर्व्ह बँकेने २०२१मध्ये सांगितलं होतं की ती असल्या व्यवहारात नाही आणि अशी फी कोणाकडून घेत नाही. पण बँक दूर मुंबईत, आणि हा बिचारा दर दहा मिनिटांनी फोन करतोय.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढायचा नाही. पैसेही लिलावाबाहेर, थेट त्याच्या नंबरवर टाका, म्हणजे परत मागायची कटकट उरत नाही.

‘नांगरताना वावरात हंडा सापडला’ असं तो म्हणाला तर एक प्रश्न चुकूनही विचारू नका. १८७८च्या कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं, मग कळवलं का भाऊ? विचारलंत की पाहा, हंडा तिथल्या तिथे बुजतो आणि तेच नाणं आजोबांच्या पेटीतून निघतं.