स्वतःचं मत, पानाला दोन रुपये

आठ रुपयांचा प्रश्न नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण घरात सगळे तसंच समजून बसलेत.

सेहेचाळिसाव्या वर्षी मी बाहेरून एम.ए.ला बसले, इंग्रजी घेऊन. पेपरात तिसरा प्रश्न शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वर होता, १५ मार्कांचा: नाटकाचा तुम्हाला लागलेला अर्थ मांडा. तुम्हाला लागलेला. मी मांडला. ४ मिळाले. उत्तरपत्रिकेची प्रत मागवली, ती ईमेलवर आली, आणि परवा ऑफिसातून येताना ती छापून घ्यायला मी गोखले रोडमागच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले.

मार्क कुठे गेले हे मोबाइलवरच दिसलं होतं. जिथे जिथे मी 'माझ्या मते' लिहिलं होतं, तिथे तिथे शेजारी लाल पेनाने विचारलं होतं, 'कोणाच्या मते?'

आता मी काय लिहिलं होतं तेही ऐका. दुसऱ्या अंकात मॅकबेथ घरी मुक्कामाला आलेल्या राजा डंकनला मारतो. हात रक्ताने माखलेले, आणि तेवढ्यात गेटवर ठक ठक. वॉचमन उठता उठत नाही. बरळत बरळत येतो, गेट उघडतो आणि बाहेरच्याला पहिलं काय म्हणतो? 'रिमेंबर द पोर्टर.' म्हणजे पोस्त द्या! वर राजा मरून पडलाय, खाली याला पोस्त हवी. एवढा वेळ का झोपलास, तर म्हणे दुसऱ्यांदा कोंबडा आरवेपर्यंत पीत बसलो होतो. साधारण १६०६ सालचं नाटक हे, आणि परवाच्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या गेटवर मी हाच प्रवेश पाहिलाय.

तर माझं म्हणणं एवढंच, की हे झोपेचं नाटक आहे. राजाचे पहारेकरी दारू पाजून झोपवलेले, वॉचमन स्वखर्चाने पिऊन झोपलेला. झोप उडते ती फक्त ज्यांना घबाड मिळालं त्यांची. मॅकबेथला झोप नाही, बाईसाहेब झोपेत चालतायत. हे मला कळतं, कारण घोडबंदर रोडला आम्ही फ्लॅट घेतलाय आणि कर्ज वीस वर्षांचं आहे. आणि ती ठक ठक म्हणजे सकाळी दूधवाल्याची बेल. रात्री घरात काहीही होवो, ती वाजली की जग चालू.

परीक्षेनंतर कळलं, याच ठोठावण्यावर डी क्विन्सी नावाच्या गृहस्थांनी १८२३ मध्ये अख्खा निबंध लिहून ठेवलाय. खून होताना माणसांचं जग थांबलेलं असतं, दार वाजलं की ते परत सुरू होतं, असं त्यांचं म्हणणं. दूधवाला सोडला तर माझंच. त्यांचं नाव घातलं असतं तर तो अभ्यास ठरला असता. घातलं नाही, म्हणून मनाचं.

असो. झेरॉक्सवाला.

मशीन पानं ओकत होतं आणि हा पठ्ठ्या प्रत्येक पान उचलून वाचत होता. आधी प्रश्न, मग मार्क, मग माझ्याकडे एक नजर. मग म्हणाला, "मॅडम, हा मॅकबेथ ठाण्याचा ना?"

"नाही, स्कॉटलंडचा."

"इथे लिहिलंय की. ठाणे ऑफ कॉडर. कॉडर म्हणजे कळव्याच्या पुढे का?"

ते थेन. थेन म्हणजे सरदार. पण स्पेलिंग आपल्या ठाण्याचंच, अक्षराचा फरक नाही, त्यामुळे त्याला काय बोलणार? (नाटकाच्या शेवटी नवा राजा गादीवर येतो आणि पहिल्याच भाषणात सगळ्या थेनांचं नाव बदलून अर्ल करून टाकतो. नवं सरकार, नवं नाव. ठाण्यात बसून मी याच्यावर जास्त बोलत नाही.)

तिसऱ्या प्रश्नाशी तो थबकला. चारही पानं वाचली. "हे सगळं तुमचं स्वतःचं आहे? सगळं?"

मी जरा फुलले. म्हटलं, हो.

"तरीच," तो म्हणाला. ज्या आवाजात डॉक्टर रिपोर्ट बघून 'तरीच' म्हणतात, त्या आवाजात. "मॅडम, स्वतःचं मत एवढं स्वतःचं नसतं लिहायचं."

मग त्याने कागद अडकल्याचं सांगून मशीनचं कुठलंसं बटण पुन्हा दाबलं आणि काउंटरखालून दोन गठ्ठे काढले. एक हिरव्या कव्हरचा, एक गुलाबी. "हिरवं म्हणजे क्रिटिक लोकांचं मत. गुलाबी म्हणजे पर्सनल. तीस पानं, साठ रुपये. स्पायरल हवं तर चाळीस वेगळे."

"दोन्हीत फरक काय?"

"गुलाबीत नावं काढून टाकलीत."

मी गुलाबी चाळलं. 'मला प्रकर्षाने असे जाणवते की' दर दीड पानाला. तो समजावत होता, "जाणवते दोनदा पुरतं. तिसऱ्यांदा तपासणारा चिडतो. गेल्या वर्षी लेडी मॅकबेथ चालली, स्त्रीवादी. यंदा पर्यावरण. ते जंगल चालत येतं ना, बर्नम वूड? फांद्या तोडून? त्याला मार्क आहेत." मी म्हटलं, आमच्या घोडबंदरला जंगल चालत येत नाही, टॉवरच चालत येऊरच्या जंगलापर्यंत जातात. "हे नका लिहू," तो घाईने म्हणाला.

लेडी मॅकबेथला मुलं किती, हाही मुद्दा गुलाबीत होता. याच प्रश्नाची टर उडवत नाईट्स नावाच्या टीकाकाराने १९३३ मध्ये त्याच मथळ्याचा निबंध लिहिला होता. असल्या चौकशा हे समीक्षेचं काम नव्हे, असं त्याला सुचवायचं होतं. इथे टर गळली होती, चौकशी उरली होती. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी ती लिफ्टमध्येच उरकली असती.

एवढ्यात मागून आवाज आला, "खून नक्की कोणाचा झाला?"

एक आजोबा. नौपाड्यातले असावेत. हातात छत्री आणि हयातीच्या दाखल्याची प्रत, म्हणजे जिवंत असल्याचा लेखी पुरावा. मी थोडक्यात गोष्ट सांगितली. आजोबांनी शांतपणे ऐकली आणि एकच विचारलं, "पाहुणा जेवला होता का?"

"जेवण होत आलं होतं."

"आणि हा यजमान? पंगतीत होता?"

"नाही. मधेच उठून बाहेर आला होता. मारू की नको, विचार करत."

"बाई!" आजोबांनी छत्री आपटली. "पाहुणा पानावर आणि यजमान पंगतीतून उठतो? मग राहिलं काय? खून तो नंतरचा! तिथेच संपलं घर त्याचं!"

मी गारच पडले. कारण पुढे, राजा झाल्यावर, मॅकबेथ मेजवानी देतो तेव्हा त्यालाच बसायला जागा मिळत नाही. त्यानेच मारवलेल्या मित्राचं, बँकोचं, भूत त्याच्या खुर्चीवर बसलेलं असतं. टेबल भरलंय, म्हणतो तो. एकदा पंगतीतून उठलेल्याला पुन्हा पंगतीत पान नाही. तीन वर्षं मी हे नाटक लोकलमध्ये उभ्याने वाचतेय, मला दिसलं नव्हतं.

"आजोबा, हे लिहायला हवं होतं," मी म्हटलं.

"पुस्तक आहे का तुमचं एखादं?" झेरॉक्सवाल्याने आजोबांना विचारलं. "रेफरन्सला?"

"माझं? मी वीज मंडळात होतो."

"मग नाही चालणार." आणि त्याने त्यांचा हयातीचा दाखला मशीनवर पालथा घातला.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पुनर्मूल्यांकनाची फी मी भरणार आहे, आणि 'गुणांत बदल नाही' असं एक ओळीचं उत्तर येणार आहे, हे मला आत्ताच माहीत आहे. पंधरा मार्कांत अकरा चुका असतात, एक वेळ मान्य. पण मत विचारायचं आणि दिलं की पावती मागायची, हा कुठला व्यवहार? मत नको असेल तर विचारू नये. आमच्याकडे लग्नाच्या याद्या करतानाही बायकांना असंच विचारतात.

"चाळीस," झेरॉक्सवाला म्हणाला. पन्नासची नोट दिली, दहा परत घेतले, गुलाबी घेतलं नाही. निघताना तो मागून म्हणाला, "वॉचमनचं चांगलंय हां तुमचं. नाव नसतं तर चाललं असतं."

रात्री पानं लावायला बसले. उत्तरपत्रिका १६ पानांची. पानाला दोन रुपये, म्हणजे बत्तीस. त्याने घेतले चाळीस. पिशवी उलटी करून पाहिली, जास्तीची चार पानं त्यात नव्हती.

प्रश्न तिसरा बरोबर चार पानांचा आहे.