केपटाऊन दोन दिवसांत? छे!
केपटाऊन दोन दिवसांत उरकतं हे काही पटलं नाही बुवा. टेबल माउंटनची केबल कार जोरात वारा सुटला की बंद, आम्ही तीन दिवस तो १०८५ मीटरचा डोंगर खालूनच बघत बसलो, चौथ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या पळालो तेव्हा कुठे वर पोचलो. बीच दिसायला भारी पण अटलांटिकचं पाणी जाम गार, पाय घातला की कळच येते (पोहायचे कपडे उगाच नेले). रॉबेन आयलंड मात्र आधीच बुक करा, तिथले जुने राजकीय कैदीच तुरुंग दाखवतात, मंडेला १८ वर्षं तिथे होते, त्यांची ती एवढीशी कोठडी बघितली आणि परतीच्या बोटीत आमच्यातलं कोणीच बोललं नाही, एरवी आमचा ग्रुप गप्प बसणाऱ्यातला नाही.