नवी गाडी सुरू करण्याची शास्त्रोक्त पद्धत

अभिनंदन! शहरं जोडणाऱ्या नव्याकोऱ्या विजेच्या गाड्यांचा ताफा आणायची जबाबदारी तुमच्यावर आली आहे असं कळलं. घाबरू नका. वंदे भारतने २०१९पासून सगळी वाट घालून दिली आहे, तुम्ही फक्त पावलावर पाऊल टाकायचं.

आधी एक विषय डोक्यातून काढून टाका, तो म्हणजे रूळ. रुळाचं उद्घाटन होत नाही. वळणं सरळ केली, जुने पूल बदलले, सिग्नल सुधारले, एकेरी मार्गाचा दुहेरी केला, तर फोटोत काय येणार? खडी. खडीच्या ढिगापुढे उभं राहून हात हलवणाऱ्या माणसाची बातमी आतल्या पानावरही येत नाही. गाडीचं तसं नाही. तिला नाक असतं, काचा असतात, आपोआप उघडणारे दरवाजे असतात. तेव्हा खर्च करायचा तो गाडीवर, आणि रुळाबद्दल कोणी विचारलं तर 'काम प्रगतिपथावर आहे' म्हणायचं. पथ हा शब्द त्यात येतोच, तेवढं पुरे.

मग बारसं. कारखान्यातल्या लोकांना नावं ठेवता येत नाहीत. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत ही गाडी बनली तेव्हा तिचं नाव होतं 'ट्रेन १८', कारण साल २०१८. असल्या नावाने कोणाचा ऊर भरून येणार? म्हणून पहिल्या फेरीच्या तीनेक आठवडे आधी ती 'वंदे भारत' झाली. पण बारशाची घाईही करू नये. 'वंदे मेट्रो' म्हणून कितीतरी महिने गाजत असलेली गाडी १६ सप्टेंबर २०२४ला भुजहून अहमदाबादला निघायची, त्याच दिवशी तिची 'नमो भारत रॅपिड रेल' झाली. पाट्या रंगवणारा माणूस शेवटच्या क्षणापर्यंत हाताशी ठेवा.

रंगाचंही तसंच. सुरुवात पांढऱ्या-निळ्याने करा. पांढरा रंग आपल्या धुळीत किती दिवस टिकेल, हा विचार शत्रुपक्षाचा. पुढे रंग बदलावासा वाटला तर कारण शास्त्रीय द्या. २०२३मध्ये केरळच्या कासरगोड-तिरुवनंतपुरम मार्गावर भगव्या रंगाची गाडी आली, तेव्हा हा रंग माणसाच्या डोळ्याला सगळ्यात ठळक दिसतो असं सांगण्यात आलं. म्हशीच्या डोळ्याबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही, आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

६ ऑक्टोबर २०२२. मुंबई-गांधीनगर वंदे भारत सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. अहमदाबादजवळ वटवा आणि मणिनगरच्या मध्ये म्हशींचा कळप आडवा आला आणि गाडीचं नाक तुटलं. दुसऱ्या दिवशी आणंदजवळ गाय. आता तुमच्यासारख्या होतकरू माणसाने इथून काय शिकायचं? कुंपण आधी घालायला हवं होतं, हे? छे! रेल्वे पोलिसांनी म्हशींच्या अज्ञात मालकांवर गुन्हा दाखल केला, हे शिकायचं. कुंपणाचंही पुढे झालं. मुंबई-अहमदाबाद मार्गावर सहाशेवर किलोमीटर लांबीचं लोखंडी कुंपण हाती घेतलं गेलं. पण आधी गाडी, मग म्हैस, मग गुन्हा, मग कुंपण, हा क्रम मोडू नका. जनावरांचे उपकारही विसरू नका. १५ फेब्रुवारी २०१९ला दिल्ली-वाराणसी गाडीला झेंडा दाखवला आणि दुसऱ्याच दिवशी परतताना ती टुंडल्याजवळ अडून बसली, तेव्हा जनावर आडवं आलं असावं, हेच उत्तर कामाला आलं होतं.

आता मुख्य सोहळा, म्हणजे झेंडा. गाडी एकच असली तरी झेंडे स्टेशनागणिक हवेत. पहिल्या दिवशी नवरदेवासारखी सजवून तिला लहानसहान स्टेशनांवरसुद्धा थांबवा. तिथे बँड असेल, शाळेची मुलं असतील, आमदार-खासदार असतील, आणि मोटरमनच्या गळ्यात इतके हार पडतील की त्याला सिग्नल दिसायची पंचाईत. दुसऱ्या दिवसापासून तीच गाडी त्याच स्टेशनातून धुरळा उडवत निघून जाईल. हार घालणारे मग थांब्यासाठी निवेदन देतील. निवेदन जरूर स्वीकारा, पुढच्या निवडणुकीत ते उपयोगी पडतं. फलाटावर किती माणसं मावतात याचा अंदाज मात्र घ्या. सप्टेंबर २०२४मध्ये इटाव्याला आग्रा-वाराणसी गाडीला झेंडा दाखवायच्या धक्काबुक्कीत आमदारबाईच खाली रुळावर पडल्या. गाडी सुटलेली नव्हती म्हणून निभावलं.

वेगाबद्दल दोन आकडे कायम खिशात ठेवा. चाचणीत ताशी १८० किलोमीटर, प्रत्यक्ष धावायला मंजूर १६०. तिसरा आकडाही आहे, तो विचारल्याशिवाय सांगायचा नाही. माहितीच्या अधिकारात कोणी अर्ज टाकलाच तर उत्तर द्यावं लागतं : सगळ्या वंदे भारत गाड्यांचा सरासरी वेग २०२०-२१मध्ये ताशी ८४ किलोमीटरच्या आसपास होता, तो २०२३-२४मध्ये ७६वर आला. गाड्या वाढल्या आणि वेग उतरला. मुंबईहून शिर्डीला जाणाऱ्या गाडीची सरासरी तर ६४ निघाली होती. शिर्डीच्या भाविकांकडून तक्रार येणार नाही, सबुरी त्यांना पाठ असते. पण सोलापूरकर, कोल्हापूरकर हिशेब करतात. त्यांना सांगा की ही गाडी ५२ सेकंदांत शून्यावरून शंभरावर जाते. हे खरंच आहे. त्रेपन्नाव्या सेकंदाला पुढे काय असतं, हे त्यांचं त्यांना दिसेल : पुलावरची वेगमर्यादा, नाहीतर पुढे रखडलेली मालगाडी.

कोकणात तर आणखी सोय आहे. मुंबई-मडगाव गाडीचं उद्घाटन २७ जून २०२३ला झालं, म्हणजे पावसाळी वेळापत्रक चालू असताना. पावणेआठ तासांच्या गाडीला पावसाळ्यात दहाएक तास लागतात आणि आठवड्यातले सहा दिवस कमी होऊन तीनच उरतात. दरडींचा धोका आहे, वेग कमी ठेवणंच शहाणपणाचं, त्यात वाद नाही. पण वेगवान गाडीचा मुहूर्त बरोबर तिच्या सगळ्यात संथ हंगामात काढायला पंचांगाचा गाढा अभ्यास लागतो, तो तुम्ही करा.

एक अडचण मात्र तुमच्यापासून लपवत नाही. गाडी खरोखरच चांगली आहे. पुढे एक इंजिन ओढतंय आणि मागून सगळे लोंबकळतायत असा प्रकार नाही. निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. म्हणून भोर घाट आणि थळ घाट, जिथे ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर चढावं लागतं, तिथे इतर गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात आणि ही बाई कोणाचा हात न धरता वर जाते. कर्जतला बँकर लागायची वाट बघत ज्यांनी वर्षानुवर्षं वडे खाल्ले, त्यांना विचारा ही केवढी गोष्ट आहे ते. तेव्हा टीका करणाऱ्यांनी गाडीला नावं ठेवली की तुम्ही सरळ जिंकता. त्यांनी रुळाचा विषय काढला तर ऐकू आलं नाही असं दाखवा.

आणि या गाडीसाठी बाकीच्या गाड्यांचं काय करायचं? बाजूला घ्यायच्या. इथे तुमची खरी कसोटी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मे महिना, सावंतवाडीहून दिव्याला निघालेली पॅसेंजर, राजापूरच्या आसपासचं एखादं स्टेशन. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतेक ठिकाणी एकेरीच, तेव्हा समोरून मोठी गाडी यायची तर छोटीने क्रॉसिंगला थांबायचं. डब्यात चौघांच्या बाकावर सहा जण, बाकाखाली आंब्याच्या पेट्या, दारात फणस, वर फळीवर कोकमांच्या पिशव्या आणि त्यातून कोणाच्या तरी शर्टावर गळणारा लाल थेंब. पंखा आहे, तो पेन घालून फिरवला की फिरतो. पुरुषमंडळी खाली उतरून फलाटाच्या सावलीला उभी. एक आजी पेपरच्या घडीने नातवाला वारा घालतायत. मग रुळात थरथर होते, पांढरा पट्टा सर्रकन निघून जातो, बंद काचांमागे कोणी काय खातंय तेही दिसत नाही. 'गेली ती! आता आपलो सिग्नल पडतलो,' म्हणत सगळे पुन्हा आत चढतात. सिग्नल पडत नाही. मागून आणखी एक एक्सप्रेस यायची असते.

या लोकांची काळजी करू नका. त्यांना सवय आहे. रत्नागिरीची पॅसेंजर पूर्वी दादरपर्यंत जायची, ती करोनानंतर दिव्यालाच थांबायला लागली. पेट्या, पोरं आणि फणस घेऊन दिव्याला लोकलमध्ये चढून दाखवणाऱ्या माणसाला कुठल्याही गाडीत अर्धा तास जास्त बसवलं तरी तो कुरकुरत नाही. आणि कुरकुरला तरी त्याच्या गाडीला समाजमाध्यमांवर व्हिडिओ टाकण्याजोगं नाक कुठे आहे?

पासधारकांनाही लांबच ठेवा. पुण्याहून रोज मुंबईला जाणारी ही जमात भलती हट्टी. दख्खनची राणी १ जून १९३०ला सुरू झाली, तेव्हापासून विजेच्या इंजिनावर धावतेय, आणि हे लोक दरवर्षी १ जूनला तिचा वाढदिवस साजरा करतात, केक कापतात! जुन्या गाडीवर एवढा जीव लावणारे प्रवासी नव्या गाडीला धोकादायक. सुदैवाने वंदे भारतमध्ये पास चालत नाही.

दरवाज्यांविषयी जनतेला आधी सांगू नका, त्यांचं शिक्षण आपोआप होतं. आंध्रातल्या राजमहेंद्रीला एक गृहस्थ नव्या गाडीत फक्त फोटो काढायला चढले, दरवाजे बंद झाले आणि त्यांना थेट विजयवाड्यापर्यंत जावं लागलं. भोपाळला आणखी एक जण बायकोमुलाला फलाटावर ठेवून नैसर्गिक विधीसाठी समोरच्या वंदे भारतमध्ये शिरले. गाडी सुटली, ते उज्जैनला उतरले. दंड, परतीचा प्रवास, बुडालेलं पुढचं तिकीट मिळून सहाएक हजारांना पडलं. एवढं महाग स्वच्छतागृह दुसऱ्या कुठल्या रेल्वेत असेल असं वाटत नाही.

गाडी कुठे न्यायची हे प्रवासी मोजून ठरवू नका, मतदारसंघ मोजा. नागपूर-बिलासपूरला १६ डबे दिले, ते अर्ध्यावर आणावे लागले. तरी धीर सोडू नका : नागपूर-सिकंदराबादला पुढच्याच वेळी २० डबे द्या. तेही पाच-सहा महिन्यांत आठावर आले, पण उद्घाटनाच्या बातमीत २०च छापून आले होते आणि ते कोणी खोडायला येत नाही. घोषणाही अशाच मोठ्या करा. ७५ आठवड्यांत ७५ गाड्या म्हणा; मुदत संपताना पंचवीसच्या आसपास मार्ग सुरू असले की झालं. तोवर तीन वर्षांत ४०० हा नवा आकडा आलेला असतो आणि जुना आकडा विचारणारा पत्रकारही बदललेला असतो.

गाडी कोण चालवणार, हे तर अजिबात ठरवू नका. सप्टेंबर २०२४मध्ये उदयपूर-आग्रा गाडीच्या केबिनमध्ये कोणी बसायचं यावरून गंगापूर सिटी स्टेशनात दोन विभागांचे रेल्वे कर्मचारीच हातघाईवर आले, गार्डच्या केबिनची काच फुटली. एवढं प्रेम जुन्या पॅसेंजरच्या वाट्याला कधी आलंय?

शेवटी एक सावधगिरीची सूचना. वरचं सगळं करा, पण गाडी स्वतः बनवायच्या फंदात पडू नका. चेन्नईच्या कारखान्यातल्या मंडळींनी परदेशातून आयती न आणता ही गाडी सुमारे १८ महिन्यांत उभी केली, तीही शंभरेक कोटींत. झेंडा फडकला, टाळ्या झाल्या, आणि मग त्याच मंडळींमागे दक्षता विभागाच्या चौकश्या लागल्या; कंत्राटात कोणाला झुकतं माप दिलं का, याच्या. पहिल्या दोन गाड्यांनंतर सुधारित गाडी प्रवाशांच्या सेवेत यायला ३० सप्टेंबर २०२२ उजाडला. दरम्यान आरोप काही टिकले नाहीत. पण आरोप टिकले नाहीत याचा सोहळा नसतो. त्याला बँड येत नाही आणि शाळेच्या मुलांना सुट्टीही मिळत नाही.