खुलासा : ±०.१ आणि व्यास ०.२ एकच नाही

मंडळी, सोमवारी आयटीआयच्या ग्रुपवर मीच टाकलं होतं, की ड्रॉइंगवर भोकाचा पोझिशन टॉलरन्स (म्हणजे भोकाचा मध्य मूळ जागेपासून किती सरकलेला चालतो ती हद्द) व्यास ०.२ मिमी दिला असेल तर ±०.१ (आडवं आणि उभं प्रत्येकी ०.१ पर्यंत) समजून चालायचं. ते चूक आहे. दारव्ह्यापासून पुसदपर्यंतच्या ग्रुपांवर ते फिरतंय, म्हणून हे लिहितोय.

काल मळणी यंत्राची बेअरिंग प्लेट मोजताना ध्यानात आलं. एक भोक आडवं ०.०९, उभं ०.०९ सरकलेलं. ±०.१ मध्ये पास. पण मूळ जागेपासून सरळ अंतर भरतं ०.१२७, आणि व्यास ०.२ च्या वर्तुळाची त्रिज्या फक्त ०.१. म्हणजे प्लेट नापास!

पटत नसेल तर आलेख कागदावर शंभरपट मोठं काढून पाहा : २० मिमीचा चौकोन (±०.१ ची हद्द), आत १० मिमी त्रिज्येचं वर्तुळ (व्यास ०.२ ची हद्द). चारही कोपरे बाहेर उरतात. तो चौकोन पूर्ण झाकायला कागदावर व्यास साधारण २८ मिमी, म्हणजे खऱ्या मापात ०.२८ लागतो. बोल्ट गोल असतो, त्याला सगळ्या दिशा सारख्याच. चौकोनाचं कौतुक आपल्या व्हर्नियरला, कारण त्या मापपट्टीने आपण आडवं-उभं वेगवेगळं मोजतो.

जुना मेसेज मी काढून टाकलाय. तुमच्याकडे असेल तर पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवला त्यांना हा द्या.