तुळस आत, पाणी बाहेर

आमच्या शिकागोच्या उपनगरांत गटार छपराला असतं. इंग्रजीतल्या ‘गटर’ला मराठीत पन्हळ म्हणावं, हे मला माहीत आहे. पण ऑक्टोबर सरता सरता शिडीवर चढून मेपलच्या कुजक्या पानांचा काळा रेंदा मुठीमुठीनं उपसायचा असतो, तेव्हा ‘पन्हळ’ हा शब्द फारच काव्यमय वाटतो. गटारच बरं.

हा रेंदा काढायचा तो पाण्याला वाट मिळावी म्हणून. नुसत्या थंडीनं घराचं फारसं बिघडत नाही; घात करतं ते पाणी. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि फुगायला जागा नसली की करून घेतं: पन्हळीच्या सांध्यात, विटेच्या भेगेत, भिंतीतल्या तांब्याच्या पाइपात. म्हणून घराचा हट्ट एकच, पाणी बाहेर काढा. नेमकी त्याच सुमारास अंगणातली तुळस आणि कढीपत्ता घरात येतात, आणि त्यांचा हट्ट असतो, हवेत ओलावा द्या. या भांडणात मार्चपर्यंत पंच म्हणून आपण.

पहिला मान बाहेरच्या नळाचा. ‘न गोठणारा नळ’ म्हणून विकतात, आणि त्यात खोटं काही नाही. चावी दिसते भिंतीबाहेर, पण पाणी अडवणारी झडप ८ ते १२ इंच आत, घराच्या उबेत असते; मधला पाइप बाहेरच्या बाजूला जरासा उतरता. नळ बंद केला की तेवढं पाणी गळून जातं. मात्र बागेची रबरी नळी तशीच लावून ठेवली तर ते गळणार कुठून? तिथेच तुंबतं, गोठतं आणि तांबं उभं फाटतं. दगाबाजी अशी की कळतच नाही. झडप आतून बंद असल्यामुळे थेंबही गळत नाही. जानेवारी कोरडा ठणठणीत जातो आणि आपण आपल्या दूरदृष्टीवर खूश.

तेव्हा आधी नळी काढायची, झटकून गॅरेजमध्ये टांगायची. बेसमेंटमध्ये त्या पाइपावर वेगळी झडप असेल तर ती बंद करायची, मग बाहेर येऊन नळ उघडा सोडायचा. पुन्हा खाली जाऊन झडपेच्या कडेचं चिमुकलं पितळी टोपण सैल करायचं आणि खाली वाटी धरायची. पाइपात अडकलेलं पाणी तिथून निघतं. नळावर वरून घालायला फोमचं टोपडं मिळतं. घाला, गोंडस दिसतं. पण नळी न काढता घातलेलं टोपडं म्हणजे ओल्या लंगोटावर शाल.

आतल्या पाइपांत लक्ष ठेवायचं ते बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या सिंकखाली. पारा २० अंश फॅरनहाइटच्या (उणे ७ सेल्सियसच्या) खाली घसरला की तिथली कपाटं उघडी ठेवायची आणि नळाची बारीक धार सोडायची. धार कशाला? पाइप बहुधा बर्फाच्या गोळ्यापाशी फुटत नाही. बर्फ वाढताना पुढचं पाणी बंद नळाकडे रेटतो, कोंडलेला दाब वाढतो आणि पाइप भलतीकडेच फुटतो. नळ किंचित उघडा असला की दाबाला सुटका मिळते. ३० जानेवारी २०१९ ला इथे उणे २३ फॅरनहाइट होतं. १९८५ च्या जानेवारीतला विक्रम उणे २७ चा. अशा रात्री उघड्या कपाटातून कांदे-बटाटे आणि भांड्यांचा साबण सगळ्या घराला दर्शन देतात. देऊ द्यावं.

छपराचं प्रकरण उलट्या डोक्याचं आहे. पन्हळीला लोंबणारे बर्फाचे सुळे बघून पाहुणे फोटो काढतात. जाणता माणूस पोटमाळ्याकडे बघतो. घरातली ऊब वर गळते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी ओघळत कडेला येतं. कड घराबाहेर असल्यामुळे थंडगार, तिथे ते पुन्हा गोठतं आणि बांध तयार होतो. मागून येणारं पाणी शिंगलांखाली, म्हणजे छपरावरच्या डांबरी चकत्यांखाली, शिरतं आणि बैठकीच्या छतावर चहाचा डाग उमटतो. हातोड्यानं बांध फोडू नये, शिंगलही फुटतात. जाड मीठही टाकू नये, ते खालची झाडं जाळतं. जमिनीवरूनच लांब दांड्याच्या फावड्यानं कडेचा ३-४ फुटांचा बर्फ ओढून घ्यावा. बांध झालाच असेल तर स्त्रियांच्या पातळ लांब पायमोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो बांधावर आडवा न ठेवता छपराच्या उतारानं ठेवावा. पाण्याला चर पडतो. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेवावं.

खरा उपाय मात्र पोटमाळ्यात. आधी फटी बुजवायच्या, मग ऊब अडवणारा थर वाढवायचा. सेल्युलोजचा, म्हणजे कागदाच्या भुग्याचा, साधारण १४ इंच थर म्हणजे आर-४९; ‘आर’ हे ऊब अडवण्याचं माप, जितकं जास्त तितकं बरं. लोक हजारो डॉलरचा थर घालतात आणि वर चढायच्या झाकणावर नुसती प्लायवूडची फळी ठेवतात. म्हणजे अंगात तीन स्वेटर आणि डोक्याला टोपी नाही.

फटी शोधायला बाजारात तापमापी कॅमेरे आहेत. मराठी घरात उदबत्ती आहे. वाऱ्याचा दिवस बघून दारं-खिडक्या लावून घ्या, भट्टी म्हणजे फर्नेस बंद करा, स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा एक्झॉस्ट चालू करा आणि उदबत्ती खिडकीच्या चौकटीवरून, विजेच्या सॉकेटांवरून, दाराच्या उंबऱ्यावरून सावकाश फिरवा. धूर वाकडा झाला की तिथे फट. हलत नाहीत अशा सांध्यांना कॉक (फटीत भरायची लवचीक लुकण), हलतात त्या दारा-खिडक्यांना रबरी पट्टी, सॉकेटच्या झाकणाआड फोमची चकती. नैवेद्याचं ताट पुढे नसताना उदबत्ती घेऊन सॉकेटला ओवाळणारा माणूस बाहेरून बरा दिसत नाही, एवढीच अडचण. पडदे सांभाळा.

आता मंडळी आत आणायची. कढीपत्त्याला रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटला (१० सेल्सियसला) आलं की घरात घ्यायचं, तुळशीला त्याआधीच. पण तुळशीचं लग्न कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत! अधिक श्रावण आला त्या २०२३ साली ते २४ नोव्हेंबरवर गेलं. इथे तोवर अंगणातल्या तुळशीचा कोळसा झालेला असतो. लग्नाआधी नवरी वाचवणं हे आमचं सप्टेंबरपासूनचं कार्य.

सरळ उचलून आणू नये. आठवडाभर सावलीत ठेवावं, नाहीतर पानांचा सडा पडतो. आत आणण्याआधी पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा. मग एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, दर सात दिवसांनी तीनदा. कढीपत्त्याच्या काडीवर तपकिरी फोड दिसले तर ते खवले-किडे; स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढायचे. लाल कोळी ओळखायला पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. ठिपके चालायला लागले की समजा पाहुणे आलेत. कढीपत्त्याचा एवढा लाड का, असं भारतातून विचारतात. ताजा पाला सामानातून आणायला इथे बंदी आहे. त्यात लिंबू-संत्र्यांना रोग पोचवणारी कीड असू शकते.

जागा दक्षिणेच्या खिडकीची. आणि अमेरिकेतले सुतार नेमकं त्याच खिडकीखाली गरम हवेचं भोक ठेवतात. कुंडी तिथे ठेवली की कढीपत्त्याचे आठ दिवसांत पापड. त्या जाळीवर हवा वळवणारं प्लास्टिकचं झाकण बसवायचं, आणि दिवस लहान म्हणून फूटभर वर एलईडी दिवा, १२ ते १४ तास. झाड उजेडाकडे वाकतं, म्हणून दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवायची. भिंतीला टेकलेल्या तुळशीला प्रदक्षिणा कशी घालायची हा प्रश्नही त्यात मिटतो: महिन्याला एक, ती स्वतःभोवती घालते.

सगळ्यात जास्त तुळशी थंडीनं मरत नाहीत, भक्तीनं मरतात. रोज तांब्याभर पाणी हे कोकणातल्या उन्हाला ठीक. इथे माती वाळत नाही, मुळं कुजतात आणि कुंडीतून बारीक काळ्या माश्या उठतात. दोन इंच बोट खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. आणि नित्यनेम मोडायचा नसेल तर संध्येची पळी आहेच. पळीभर पाण्यानं कुणी बुडालेलं नाही. घरात पाणी मृदू करायचं यंत्र असेल तर त्या नळाचं पाणी नको, त्यात सोडियम असतं.

राहिला ओलाव्याचा तंटा. कढीपत्त्याला ५० टक्के आर्द्रता हवी, कोरड्या हवेत लाल कोळ्याची चंगळ होते. लाकडी फरशी, हार्मोनियम आणि तबल्याची पुडीही झाडाच्या बाजूनं मत देतात. पण बाहेर शून्य फॅरनहाइट असताना घरात २५-३० टक्क्यांवर गेलात की खिडक्यांना घाम फुटतो, चौकटी काळ्या पडतात, ओलावा पोटमाळ्यात जाऊन खिळ्यांवर बर्फ धरतो. कुंडीखाली गोटे आणि पाण्याचं ताट ठेवतात, त्यानं गोटे तेवढे ओले राहतात. माझा निकाल असा: घराला ३०, झाडाला वेगळं. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा, आजारी झाडावर पारदर्शक पिशवीचा तंबू करा.

डिसेंबरात भारतात जाणार असाल तर थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या (१३ सेल्सियसच्या) खाली नको. मुख्य झडपेचा दांडा पाइपाला आडवा करून पाणी बंद करायचं, वरचा एक आणि तळाचा एक नळ उघडून पाइप रिकामे करायचे. ५५ अंशांत कढीपत्ता झोपून राहतो. तुळस राहत नाही. तिला शेजारी पाठवायचं, सोबत पळी.

मे महिन्याच्या मध्यावर रात्री दंव गोठायचं थांबलं की कुंड्या बाहेर. पण नळ त्याआधीच उघडायचा असतो, आणि तो एकट्यानं कधीच उघडू नये. एकानं बाहेर चावीशी, दुसऱ्यानं बेसमेंटमध्ये टॉर्च घेऊन त्या पाइपाखाली.

“उघडला. काही दिसतंय?”

“नाही.”

“आता?”

“थांब, काहीतरी आवाज... अहो, बंद करा! बंद करा!”